केळुसकरांचं पिस्तूल अडकतं

निशिकांत केळुसकरांच्या मालकीची अशी एकच वस्तू होती, जी त्यांना घरी आणता येत नव्हती. मोठ्या फ्रेमचं, हातात धरलं की हात भरून जाईल असं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. सिंगापूरच्या कायद्याप्रमाणे ते क्लबच्या शस्त्रागारात कुलपाआड राहायचं आणि केळुसकर दर रविवारी सकाळी तोआ पायोहहून बस पकडून त्याला भेटायला जायचे. त्यांची बायको सुलेखा म्हणायची, "होस्टेलवर ठेवलेल्या पोराला भेटायला निघावं तसे निघतात. डबा तेवढा द्यायचा बाकी ठेवलाय."

केळुसकर हसून बुटाच्या नाड्या बांधायचे. माणूस तसा कुणाच्या थट्टेनं बिथरणारा नव्हता. वेंगुर्ल्याकडचा. बोटीवर शिकाऊ म्हणून चढला, तो चीफ इंजिनिअर होऊनच खाली उतरला. आता हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत सुपरिंटेंडंट होते. बंदरात कंपनीची बोट लागली आणि तिच्या इंजिनात काही खोट निघाली की लाँचनं तिथवर जायचं, दोराच्या शिडीवरून वर चढायचं, इंजिनरूममध्ये उतरायचं आणि दुखणं नेमकं कुठं आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. आपण मनगटाच्या जोरावर वर आलो, हे वाक्य त्यांच्या तोंडी इतक्यांदा यायचं, की त्यांची मुलगी तन्वी ते सुरू झालं की ओठांनी नक्कल करत शेवटपर्यंत म्हणून दाखवायची.

नेमबाजी त्यांनी उशिरा धरली, आणि उशिरा धरलेल्या गोष्टी माणूस जशा जिवापाड जपतो तशी जपली. क्लबात धनेश नावाचा एक पुण्याचा पोरगा होता, वन-नॉर्थ भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याच्याकडेही त्याच मॉडेलचं पिस्तूल होतं. किंबहुना केळुसकरांचं पाहूनच त्यानं घेतलं होतं. केळुसकर त्याला पकड शिकवायचे, श्वास कुठं रोखायचा ते सांगायचे, आणि सगळं झालं की चहा पिता पिता आपल्या पिस्तुलाचं कौतुक करायचे. याचा नेम चुकत नाही, चुकतो तो आपला, असं त्यांनी धनेशला कितीतरी वेळा सांगितलं होतं. ते अक्षरशः खरं निघणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

पहिल्यांदा पिस्तूल अडकलं तेव्हा केळुसकरांनी ते मनावर घेतलं नाही. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा लोखंडी भाग जोरात मागं जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढची गोळी आत घेऊन जागेवर येतो. त्या दिवशी तो अर्ध्यावरूनच परतला आणि रिकामं काडतूस चोचीत धरल्यासारखं मधेच उभं राहिलं. केळुसकरांनी ते झटकलं आणि नेमबाजी पुढं चालू ठेवली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तर इतक्यांदा झालं, की शेजारच्या लेनमधला माणूस वळून पाहायला लागला.

आता केळुसकरांमधला चीफ इंजिनिअर जागा झाला. मशीन बिघडलं की एका वेळी एकच पार्ट बदलायचा, ही त्यांची पद्धत. हाताखालच्या पोरांनी घाईघाईत दोन पार्ट एकदम बदलले, की ते त्यांना फैलावर घ्यायचे. मग रोग कशात होता ते तुझ्या आजोबांना विचारू का, म्हणायचे. त्याच शिस्तीनं त्यांनी आधी गोळ्या बदलल्या. मग मॅगझिन बदललं. मग रीतसर परवानगी काढून क्लबची शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या आर्मररकडून आतली स्प्रिंग बदलून घेतली. प्रत्येक वेळी बसमधून जाताना त्यांची खात्री असायची, की आज सापडलं. आणि प्रत्येक वेळी काडतूस मधेच उभं राहायचं. नेमही पसरायला लागला. जिथं आधी निशाणाच्या कागदावरची सगळी भोकं एका वाटीखाली झाकली जात, तिथं आता ताटसुद्धा पुरेना. केळुसकरांनी पिस्तुलावरच्या नेम धरायच्या साइट्सना शिव्या घातल्या.

इंटरनेटवर या पिस्तुलाच्या मालकांची एक जागा होती. जगभरचे मालक तिथं आपापली मतं लिहायचे, नेम कसा लागतो, भरवसा किती ठेवावा वगैरे. केळुसकर ती मतं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा टाकून वाचायला लागले. त्यांना एकच गोष्ट हवी होती, आपल्यासारखा रडणारा दुसरा कुणीतरी. पण बहुतेक सगळे मेले सुखी होते. कुणी म्हणे चिखलात पडलं तरी चालतं, कुणी म्हणे सासऱ्यानं दिलेलं आहे, अजून एकदाही दगा दिला नाही. ते वाचून केळुसकरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी त्यांनी स्वतःच मत लिहिलं. इंजिनिअरनं लिहावं तसं मुद्देसूद. कोणता पार्ट बदलला, काय फरक पडला नाही, आणि शेवटी निष्कर्ष, दिसायला देखणं, भरवशाला शून्य, घेऊ नका.

उत्तरं धडाधड आली, आणि जवळजवळ सगळ्यांत एकच गोष्ट होती. मित्रा, पिस्तूल नाही, तुझं मनगट बघ. एकानं तर दोनच शब्द लिहिले होते, "लिम्प रिस्ट." लुळं मनगट.

खरं तर तो त्या लोकांचा रोजचा तांत्रिक शब्द होता. असल्या पिस्तुलाचा खालचा भाग हातात खांबासारखा पक्का राहिला तरच वरचा भाग पुरता मागं जातो. मनगट ढिलं पडलं तर सगळं पिस्तूलच मागं येतं आणि काडतूस अडकतं. ते लोक यंत्राबद्दल बोलत होते. पण केळुसकरांनी ते वाचलं मराठीतून. आपल्याकडं एखाद्याच्या मनगटात जोर नाही म्हणणं म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको. जन्मभर ज्याच्या जोरावर वर आलो म्हणून सांगितलं, त्याच मनगटाला एका परक्या माणसानं दोन शब्दांत लुळं ठरवलं होतं.

"शिरा पडो तुझ्या तोंडार," केळुसकर ऑफिसच्या पॅन्ट्रीत फोनकडं बघून मोठ्यानं म्हणाले. शेजारी नूडल्स खात बसलेल्या बाईनं घाबरून खुर्ची सरकवली. त्या संध्याकाळी घरी आल्यावरही त्यांचा राग उतरला नव्हता.

"काय झालं एवढं?" सुलेखानं विचारलं.

"काही नाही. गाढवांच्या नादी लागलो."

सुलेखा त्यांच्या हाताकडं बघत होती. ती बरेच दिवस बघत होती. केळुसकर रविवारी क्लबातून येताना तोआ पायोहच्या बाजारातून बांगडे आणायचे आणि ते घरी स्वतः कापायचे. मासा कापावा तो मालवणी माणसानंच, असं म्हणून सुलेखाला सुरीला हात लावू द्यायचे नाहीत. अलीकडं बांगडे बाजारातूनच कापून येत होते. विचारलं तर म्हणत, वेळ वाचतो. शर्टाचं वरचं बटण ते आता उघडंच ठेवायचे आणि म्हणायचे, उकडतं. आणि उजव्या हाताच्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा, जो पोळी लाटणाऱ्या बाईच्या हातासारखा भरलेला असायचा, तो बसून तिथं खळगा पडला होता.

"अहो, हात दाखवून घेऊ या ना कुणाला तरी," ती म्हणाली.

"हाताला काय धाड भरलीय? वय झालं. तू पण आता त्या लोकांसारखी सुरू झालीस का?"

"कुठल्या लोकांसारखी?"

केळुसकर आंघोळीला गेले. त्यांना काहीच कळत नव्हतं असं कुणी समजू नये. एम.आर.टी.च्या ट्रेनमधून येताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, दंडाच्या कातडीखाली काहीतरी आपोआप उडत होतं, थांबत होतं, पुन्हा उडत होतं. त्यांनी फोन डाव्या हातात घेतला, बाही खाली ओढली आणि मतं वाचणं चालू ठेवलं. पिस्तूल खराब असेल तर पिस्तूल बदलता येतं. त्यापुढं त्यांनी विचार जाऊ दिला नाही.

या सगळ्यात धनेशची पंचाईत होत होती. त्याला केव्हाच दिसलं होतं. गोळी सुटली की केळुसकरांचं मनगट लवून मागं मोडायचं, ते शेजारून अगदी स्पष्ट दिसायचं. पण ज्या माणसानं आपल्याला पकड शिकवली त्याला तुमची पकड गेली म्हणून कसं सांगायचं? दोन-तीनदा शब्द ओठांवर आणून तो गिळून बसला. शेवटी एका रविवारी तो म्हणाला, "सर, तुमचं एकदा मी चालवून बघू?"

केळुसकर खूश झाले. त्यांना साक्षीदार मिळत होता. "बघ, बघ. तुझाही विश्वास नव्हता ना?"

क्लबचे वयस्कर रेंज ऑफिसर मिस्टर कोह मागं उभे होते. त्यांनी मान हलवून परवानगी दिली. धनेशनं पिस्तूल घेतलं आणि मॅगझिन सगळं संपवलं. एकदाही अडकलं नाही. रिकामी काडतुसं टणटणत बाजूला पडली. कागद पुढं ओढून आणला तर सगळी भोकं वाटीखाली मावतील अशी.

"पुन्हा मार," केळुसकर म्हणाले.

धनेशनं पुन्हा मॅगझिन भरलं. पुन्हा तेच.

"आता मी."

केळुसकरांनी तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, त्याच डब्यातल्या गोळ्या घेतल्या. दुसऱ्याच गोळीला काडतूस उभं राहिलं.

त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं. कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. त्यांच्याच पद्धतीप्रमाणे आता एकच पार्ट बदलायचा राहिला होता आणि तो कोणता, हे त्यांना तिथं उभ्याउभ्या कळलं होतं. तरी माणसाचा जीव शेवटपर्यंत पळवाट शोधतो. "तुझं दे बघू," ते धनेशला म्हणाले.

धनेशचं पिस्तूल कधी अडकत नाही हे सगळ्या क्लबला माहीत होतं. त्यावरून केळुसकर त्याला चिडवायचेही, आमच्या जिवावर चांगला पीस पटकावलास म्हणून. धनेशनं ते नाइलाजानं पुढं केलं. केळुसकरांनी पाय रोवले, दोन्ही हातांनी पकडलं, सगळा जोर एकवटला. गोळी सुटली. मनगट मोडलं. धनेशच्या त्या कधीही न अडकणाऱ्या पिस्तुलात काडतूस उभं राहिलं.

मिस्टर कोह पुढं झाले आणि त्यांनी ते हातातून घेऊन मोकळं केलं.

"माझंपण हल्ली अडकतं अधूनमधून, सर," धनेश म्हणाला.

केळुसकरांनी त्याच्याकडं पाहिलं. पोरगं खोटं बोलत होतं आणि कान लाल होईपर्यंत बोलत होतं. आजवर कुणी त्यांच्याशी असं खोटं बोललं नव्हतं. असं आपण आजारी माणसाशी बोलतो, हे त्यांना माहीत होतं. घरी येताना त्यांनी बांगडे आणले नाहीत. दार उघडलेल्या सुलेखाला त्यांनी दारातच सांगितलं, "कुणाला दाखवायचं म्हणत होतीस, त्याची अपॉइंटमेंट घे."

मग तपासण्या सुरू झाल्या. हातात सुया खुपसून मशीनवर रेषा पाहिल्या, पाठीचे फोटो काढले, रक्त नेलं. शेवटी एक तरुण डॉक्टरीणबाई दोघांना समोर बसवून इंग्रजीत हळूहळू बोलल्या. मेंदूकडून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत चालल्या होत्या. सुरुवात हातापासून झाली होती. पुढं दुसरा हात, पाय, बोलणं, गिळणं, श्वास. किती वेगानं ते सांगता येत नव्हतं. कुठं जाऊन थांबेल ते मात्र सांगता येत होतं.

केळुसकरांनी एखाद्या बोटीचा रिपोर्ट घ्यावा तसे प्रश्न विचारले. नेमका बिघडलेला भाग कोणता? तो बदलता येतो का? जगात कुठं बदलतात का? डॉक्टरीणबाई प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत गेल्या. एक गोळी होती. तिनं थोडासा वेळ वाढतो, त्या म्हणाल्या, आणि 'थोडासा' म्हणताना त्यांनी टेबलाकडं पाहिलं.

"पिस्तूल पहिल्यांदा अडकलं तेव्हाच आलो असतो तर?" केळुसकरांनी विचारलं. बाईंना पिस्तुलाची भानगड कळली नाही. सुलेखानं समजावून सांगितलं.

"काहीच फरक पडला नसता," बाई म्हणाल्या. "स्वतःला दोष देऊ नका."

सुलेखाला वाटलं, निदान एवढं तरी ऐकून त्यांना बरं वाटेल. पण केळुसकर उलट आणखीच खचले. आपली चूक असती तर त्यांनी तिच्यावर डोकं आपटून घेतलं असतं, स्वतःला शिव्या घातल्या असत्या, काहीतरी केलं असतं. इथं करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि आधीही कधीच नव्हतं. हॉस्पिटलखालच्या कँटीनमध्ये दोघं कॉफी घेऊन बसले. सुलेखा रडत होती. केळुसकरांना रडूही येईना. ते कप डाव्या हातानं उचलत होते, खाली ठेवत होते.

तन्वीला इतक्यात सांगायचं नाही, असं त्यांनी त्या कँटीनमध्येच ठरवलं. तिची मोठी परीक्षा तोंडावर होती. पपांच्या हाताची नस दबलीय, एवढंच तिला सांगितलं.

पुढचं सगळं भराभर झालं. ज्याला शिडी चढता येत नाही त्याचं बोटीवर काय काम? कंपनीनं त्यांना ऑफिसातच बसवलं, आणि लोक त्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागले. पिस्तुलाचा परवाना त्यांनी परत केला. रीतसर कागदपत्रं होऊन पिस्तूल क्लबाच्याच कुणा नव्या सभासदाकडं गेलं. धनेश सांगायला आला, छान चालतंय सर, एकदम स्मूथ. सांगून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि बिचारा चहा अर्धा टाकून उठला.

एका दुपारी केळुसकर घरी होते. सवयीनं त्यांनी लॅपटॉपवर मालकांच्या मतांची ती जागा उघडली. त्यांच्या जुन्या तक्रारीखाली कुणा अनोळखी माणसानं लिहिलं होतं, आभारी आहे, तुमचं मत वाचून मी हे पिस्तूल घ्यायचा बेत रद्द केला. त्याच्याखाली आणखी दोघांनी तेच लिहिलं होतं.

केळुसकर अस्वस्थ झाले. आपल्या नावानं चुकीचा रिपोर्ट जगात फिरतोय, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. आयुष्यात दुसरं काही असो नसो, त्यांचे रिपोर्ट कधी कुणी खोडले नव्हते. हे एवढं तरी दुरुस्त करता येण्यासारखं होतं. त्यांनी टाईप करायला घेतलं, पण बोटं एका अक्षरावर पडायची ती शेजारच्या दोघांना घेऊन. डावा हातही आता तसाच वागायला लागला होता. तन्वी शाळेतून येऊन सोफ्यावर लोळत होती.

"तन्वी, इकडं ये. जरा लिहून दे."

"व्हॉट सो अर्जंट?" असं तिथल्या पोरांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणत ती आली आणि त्यांच्या शेजारी बसून लॅपटॉप मांडीवर घेतला. वरची तक्रार तिनं भराभर वाचली. "वाह, पपा. सो फिअर्स."

"ती चुकीची आहे. खाली लिही. पिस्तुलात दोष नाही. नेम उत्तम. भरवसा उत्तम." ते इंग्रजीत सांगत गेले, ती टाईप करत गेली. "दोष मालकाच्या हातात होता."

तन्वी थांबली. "ओनर्स हँड मीन्स व्हॉट? पीपल विल आस्क, लाह. नस दबलीय, दॅट वन?"

"तेवढंच लिही."

"कॅनॉट लाइक दॅट. दे'ल थिंक यू डोन्नो हाऊ टु शूट." तिची बोटं पुन्हा अक्षरांवर तयार होती. "आय पुट, हँड इन्जर्ड. देन दे'ल आस्क, कॅन फिक्स ऑर नॉट?"

स्वयंपाकघरात सुलेखाच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. खोटं सांगायचं ठरलं होतं, आणि केळुसकरांना तसं सांगताही आलं असतं. पण त्यांच्या डोक्यात अजून रिपोर्टच होता, आणि दुरुस्त होईल का, या प्रश्नाला त्यांनी जन्मात कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं.

"कॅनॉट," ते म्हणाले.

तन्वीनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांच्या मांडीवर पडलेल्या हाताकडं. त्या हाताच्या खळग्याकडं ती पहिल्यांदाच इतका वेळ बघत होती.

"नॉट नाऊ, यू मीन."

स्वयंपाकघराच्या दारात सुलेखा येऊन उभी राहिली होती. तन्वीनं आईकडं पाहिलं, आणि आईचा चेहरा पाहून तिला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. तिनं एक बटण दाबून धरलं. आत्ताच टाईप केलेली ओळ मागून पुढं एकेक अक्षरानं पुसली गेली, नेम उत्तम, भरवसा उत्तम, सगळं.

"तन्वी, अगं, काय करतेस?"

"डोन्ट राइट, पपा." तिचा आवाज फुटला. "जस्ट ब्लेम द गन, लाह. प्लीज."

तिनं लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी तसाच दाबून धरला. केळुसकरांनी तिला पुन्हा लिहायला सांगितलं नाही.